ही बाई ह्या बाळाची आई आहे

"अंगठा उचला, पुसा आणि परत ठेवा," शेखभाऊ म्हणाले.

मोहितेंच्या सुनेनं अंगठा उचलला, पदराला पुसला आणि त्या लहानशा काचेवर परत टेकवला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. आम्ही सगळ्या त्या चक्राकडे बघत होतो. मग चक्र गेलं आणि त्या जागी एक ओळ आली. शेखभाऊंनी ती मोठ्यांदा वाचली, "सेवा तात्पुरती उपलब्ध नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

"कसलं सहकार्य?" मोहितेआजी म्हणाल्या. "आम्ही अजून केलंय काय?"

अकराला दहा कमी होते. वेळ मला नक्की आठवते, कारण त्या एकोणीस दिवसांत मी सगळ्याच वेळा लिहून ठेवत होते. दूध किती वाजता, किती मिलिलिटर, वजन किती ग्रॅमनं वाढलं, श्वास मिनिटाला किती. आई म्हणायची, "ऋजू, बाळ आहे ते, कॉलेजातली प्रयोगवही नव्हे." पण लिहिलं नाही तर मला चैन पडायचं नाही.

माझी लेक बत्तिसाव्या आठवड्यातच जन्माला आली होती. इतक्या लहान बाळांसाठीची काचेची खोली आमच्या जिल्ह्यात एकाच ठिकाणी होती, सरकारी स्त्री रुग्णालयात. त्यामुळे दोन खासगी दवाखान्यांच्या पायऱ्या उतरून आम्ही शेवटी तिथं पोचलो होतो. आणि त्या दिवशी, विसाव्या दिवशी, तिला घरी न्यायचं होतं.

घरी न्यायचं म्हणजे नुसतं उचलून चालत नसे. शेजारच्या जिल्ह्यात एका बाईनं 'मी आई' म्हणून दुसरीचं बाळ नेलं होतं, तेव्हापासून राज्यभर 'मातृओळख' लागू झालं होतं. दाखल होताना आईचा ओळख क्रमांक नोंदवायचा. कळा देणाऱ्या बाईचा अंगठा कोण घेत बसणार, म्हणून तेव्हा नुसतं कार्ड दाखवलं तरी भागायचं. बाळाच्या पायात त्याच क्रमांकाचा पट्टा. मात्र बाळ बाहेर पडताना आईनं अंगठा द्यायचाच. पडद्यावर हिरवी खूण आली की बाळ हातात. लाल आली तर पोलीस, आणि चौकशी संपेपर्यंत बाळ बालकल्याण समितीच्या ताब्यात.

माझी हिरवी खूण दहा चाळीसला आली होती. लेक मांडीवर होती. फक्त घरी सोडल्याचं कार्ड छापून यायचं होतं आणि तेही त्याच संगणकातून. बाबा गेटपाशी रिक्षा घेऊन थांबले होते. मी बाकावर बसून होते.

शेखभाऊंनी फोन लावला. ते रुग्णालयाचे नव्हते, संगणक चालवायला कंत्राटावर नेमलेले होते. ज्या माणसाशी बोलत होते तोही सरकारचा नव्हता. पाचेक मिनिटं 'हो सर, नाही सर' करून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणतो?" गव्हाणे सिस्टरनी काचेच्या खोलीच्या दारातून विचारलं. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. त्या विभागातल्या सगळ्या आयांना त्या आडनावानंच हाक मारायच्या.

"पोर्टल बंद आहे, सिस्टर. आख्ख्या राज्यात."

"ते दिसतंय. का बंद आहे?"

"पोर्टल सरकारचं, पण ते चालतं एका कंपनीच्या यंत्रांवर. भाड्यानं घेतलीयत. क्लाउड म्हणतात. त्या कंपनीच्या इमारतीतली गार हवेची यंत्रं बंद पडली, सर्व्हर तापले, म्हणून त्यांनी बंद केले."

"म्हणजे दवाखाना सरकारी, सिस्टर सरकारी, कागद सरकारी," सिस्टर म्हणाल्या, "आणि दाराची चावी कुणा तिसऱ्याच्या खिशात."

"तासाभरात चालू होईल म्हणाले."

"त्या मुलाला विचार, तुझं बाळ आत असतं तर तास केवढा असतो."

मोहितेआजींना हे फार आवडलं. त्यांनी सुनेला कोपर मारलं, "ऐकलंस?" सून बिचारी नुसती अंगठा पुसत राहिली.

यादीत त्या दिवशी तीनच नावं होती. काळदाते, म्हणजे मी. मोहिते. आणि सुमन धोत्रे. ही तिसरी पाणी शुद्ध करायच्या यंत्राशेजारी फरशीवर बसली होती. बाकावर जागा होती तरी ती कधी बाकावर बसायची नाही. वय वीस-एकवीस, हात मात्र चाळिशीचे. तिची टोळी हमरस्त्याच्या कडेनं केबलसाठी चर खणत आली होती आणि तिथंच तिला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या होत्या.

"धोत्रे, तुझा माणूस कुठाय?" सिस्टरनी विचारलं.

"गेटाकडं. दोनला ट्रक निगतोय."

"कुठं?"

"हिंगोलीकडं. हितलं काम सरलं."

"आणि दोनपर्यंत हे चालू नाही झालं तर? उद्या येशील?"

"उद्या मुकादम कुटं टाकंल, कुणाला ठाव."

"बघा," मोहितेआजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जमिनीत तार पुरली हिनं. त्याच तारेतून ते सर्व्हर का फिर्व्हर चालतं. आणि तिलाच लेकरू देईना."

सगळ्या हसल्या. ती पण हसली. मला तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

मला बघत बसायची सवय आहे. भित्र्या माणसाला ती असतेच. मोहितेंची सून दर पाच मिनिटांनी 'आलं का हो' विचारत होती. मी स्वतः दर दोन मिनिटांनी पडद्याकडे मान वळवत होते, बाळ माझ्या मांडीवर असूनसुद्धा. आणि जिचा ट्रक दोनला सुटणार, ती एकदाही विचारत नव्हती. निवांत बसून जुन्या धोतराच्या चौकोनी घड्या घालत होती. उलट शेखभाऊ फोन उचलायचे तेव्हाच तिचे हात थांबायचे. 'अजून नाही' म्हटलं की परत सुरू.

मग मागचं आठवायला लागलं. 'सुमन धोत्रे' अशी हाक आली की ती लगेच उठायची नाही. आधी इकडेतिकडे बघायची, मग उठायची. मला वाटायचं, तिला कमी ऐकू येतं.

कमी ऐकू येत नव्हतं. साडेअकराच्या सुमारास आतून एक बाळ रडलं. मोहितेंची सून ताडकन उठली. मी, माझी लेक कुशीत झोपलेली असताना, दचकून दाराकडे बघितलं. कबूल करायला लाज वाटते, पण आतलं कुठलंही बाळ रडलं की मला ते माझंच वाटायचं. ती मात्र घडी घालत म्हणाली, "बसा. तुमचं बी न्हाई, माजं बी न्हाई. दाराजवळच्या पेटीतलं हाय."

सिस्टरनी ओरडून विचारलेल्याला आयाबाईनं आतून उत्तर दिलं, "दाराजवळचं उठलंय, सिस्टर."

थोड्या वेळानं दुसरा आवाज आला. आवाज कसला, मांजराच्या पिल्लासारखा बारीक चिरका सूर. तिनं पटकन पदर पुढं ओढला. पण मी समोरच होते. तिचा झंपर दोन्ही बाजूंनी भिजत गेलेला मला दिसला.

मी उठून तिच्याजवळ गेले, फरशीवर बसले. लेकीला छातीशी धरून खाली बसणं सोपं नव्हतं. तिनं हात देऊन बसवलं.

"लई बगता तुमी," ती हळूच म्हणाली. "पैल्या दिवसापासनं."

"सुमन..."

"सुमन माजी जाव हाय."

मला पुढचं एकदम कळलं नाही. तीच सांगत गेली. तिचं नाव यल्लू. तिचं कार्ड कधी निघालंच नव्हतं. तीनदा गेली होती काढायला, पण खणून खणून बोटांच्या रेघाच राहिल्या नव्हत्या, यंत्र प्रत्येक वेळी नाकारायचं. कळा आल्या तेव्हा दारावर कार्ड मागितलं. नवऱ्यानं धावत जाऊन भावाच्या बायकोचं आणून दाखवलं. बाई आत गेली, बाळ झालं, बाळाच्या पायात सुमनचा क्रमांक बांधला गेला.

"मग आज कसं करणार होता?"

"सुमनला आणायची होती. सांजच्या पाळीला. त्या सिस्टर मला वळकत न्हाईत. तिनं अंगठा द्यायचा, मी भाईर थांबायचं. पर नाव पुकारलं सकाळी, आन् मुकादमानं पैल्याच ट्रकात सुमनला फुडं धाडली."

"उद्या सुमनला घेऊन या की."

"गव्हाणे सिस्टर म्हंतील, ही कोण? ईस दिस आत आली ती कुटं हाय? अंगठा तिचा आन् दूद माजं. कसं जमायचं?"

"आणि आज तुमची पाळी आली असती तर?"

"पाय धरले असते. न्हाई तर पळाले असते." तिनं संगणकाकडे बघितलं. "द्येवानंच बंद पाडलं म्हना."

आख्ख्या राज्यात त्या वेळी शेकडो बाया ती यंत्रं परत सुरू व्हावीत म्हणून देवाला हात जोडत असतील. आणि ही एक.

साडेबाराला शेखभाऊंना फोन आला. त्यांचा चेहरा उजळला. "अर्ध्यापाऊण तासात येतंय! एक-सव्वा म्हणाले."

यल्लूच्या घड्या थांबल्या.

त्याच वेळी मोहितेआजी सिस्टरच्या मागे लागल्या होत्या. सुनेला ताप भरल्यासारखं वाटतंय, नातवाला द्या, आम्ही काय पळून जातोय, चार गल्ल्या सोडून घर आहे. सिस्टरनी कपाटातून एक फाईल काढली, चष्मा लावला आणि एक जुनं परिपत्रक शोधून काढलं. सेवा सलग दोन तास बंद राहिली, तर बाळ कागदावर हस्तांतरित करता येईल. मात्र आईला स्वतः ओळखणाऱ्या माणसाचा लेखी जबाब हवा. तो माणूस एक तर राजपत्रित अधिकारी, नाही तर त्याच दिवशी त्याच पोर्टलवर जिची ओळख पटलेली आहे अशी आई.

"डॉक्टरसाहेब?"

"शस्त्रक्रियेत आहेत. तीनशिवाय बाहेर येत नाहीत." सिस्टरनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काळदाते, तुझी हिरवी आलीय ना?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

मोहितेंचा जबाब मी लगेच नव्हे, बरोबर बारा पन्नासला लिहिला. दोन तास पुरे व्हायची वाट सिस्टरनी घड्याळावर बोट ठेवून पाहिली. छापील अर्ज होता. आईचं नाव, क्रमांक, मी हिला इतक्या दिवसांपासून ओळखते, खाली सही. मी पुढून मागून सगळा वाचला, सवयीनं, आणि सही केली. मोहितेआजींनी नातवाला घेऊन माझ्या लेकीवरून बोटं मोडली. "शंभर वर्षांची होईल," म्हणाल्या आणि गेल्या.

"आता धोत्रे," सिस्टर म्हणाल्या. "ये. काळदाते, हिलाही ओळखतेस ना?"

मी म्हटलं, "एक मिनिट. फोन करून येते."

जिन्याखाली उभं राहून नवऱ्याला, मंदारला फोन लावला. तो तेव्हा चाकणला कारखान्यात होता, दर शनिवारी यायचा. यंत्रांचा घरघराट ऐकू येत होता. मी भराभरा सगळं सांगितलं.

"ऋजू, तू ह्यात पडू नकोस."

"दोनला ट्रक जाणार आहे रे."

"खोट्या जबाबावर सही करणार आहेस? कार्ड दुसरीचं. उद्या ती जाऊ आली आणि म्हणाली, माझं बाळ चोरलं, तर? कागद तिच्या बाजूनं आहे."

"मी वीस दिवस बघितलंय. तिचंच आहे."

"तुला आपलं बाळ रडलेलं ओळखू येत नाही, तूच सांगत होतीस."

तो चिडून बोलत नव्हता. घाबरून बोलत होता. आमच्या घरात घाबरण्याचं काम मी करायची, त्याला सवय नव्हती.

"आणि समज, पोलिसांनी तुझी हिरवी पण परत तपासायची म्हटलं, तर? बाळ परत आत ठेवा म्हणाले तर?" तो म्हणाला. "तू कशावरही सही करू नकोस. बाबांना घे आणि घरी जा. कार्ड नंतर आणू."

मी फोन ठेवला. लेक जागी झाली होती. दोन किलो पन्नास ग्रॅमचा जीव. गेट शंभर पावलांवर होतं. मला कुणी अडवलं नसतं. पायरीवर एक पाय ठेवून मी किती वेळ उभी होते, त्याची मात्र नोंद माझ्याकडे नाही.

परत वर आले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. शेखभाऊ दर मिनिटाला कळ दाबून बघत होते. यल्लू सिस्टरच्या टेबलाशी उभी होती. टेबलावर कोरा अर्ज होता.

मी तिला बाजूला घेतलं. "खरं सांगून टाकू या का सिस्टरना? समितीकडे जाईल बाळ, पण चौकशी होईल, महिना-दोन महिन्यांत..."

"दोन म्हैने?" ती म्हणाली. "दीड किलोची हाय ती. कोण पाजंल?"

मी टेबलावरच्या कोऱ्या अर्जाकडे बघितलं.

"पण मग कागदावर आई म्हणून सुमनच राहील."

"ऱ्हाऊ दे की." तिनं क्षणभर विचार केला आणि चक्क हसली. "सुमनला मूल न्हाई. सात वर्सं झाली. तिच्या नावावर एक तरी असंल. नावाचं काय ताई, मागनं बगू. आज लेक द्या."

मी टेबलाशी गेले. खुर्चीवर बसले. पेन उचललं. अर्जावरच्या पहिल्या ओळीवर, जिथं आईचं नाव लिहायचं होतं, तिथं सिस्टरनी हात ठेवलेला होता. जाडसर, साबणानं सुरकुतलेला हात. मला वाटलं, काढतील. त्यांनी काढला नाही.

"ही बाई किती दिवस इथं येतेय?" त्यांनी विचारलं.

"वीस."

"बाळाला कुणी पाजलं?"

"हिनं."

"ऊब द्यायला छातीशी बांधून कोण बसायचं?"

"हीच."

"मग तेवढंच लिही. वरचं मी भरते, ते माझ्या नोंदवहीतून भरायचं असतं. तुझ्या अक्षरात फक्त एक वाक्य पाहिजे."

मी लिहिलं, ही बाई ह्या बाळाची आई आहे. खाली सही, वेळ, एक अकरा. सिस्टरनी अर्ज स्वतःकडे ओढला आणि वरची ओळ भरली. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. वीस दिवसांत पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट बघायची टाळली. मग त्या आत गेल्या आणि ते मांजराच्या आवाजाचं बाळ घेऊन आल्या. यल्लूनं धोतराच्या घड्या उलगडल्या, बाळाला त्यात गुंडाळलं, छातीशी बांधलं, वरून पदर घेतला. आता बाळ आहे की नाही हेही कळत नव्हतं.

सिस्टर तिला म्हणाल्या, "पायातला पट्टा घरी गेल्यावर काप. वाटेत नको."

ती सिस्टरच्या पायाशी वाकली. माझ्याकडे वळली तेव्हा मी मागं सरकले. मला ते नको होतं. तिनं माझ्या लेकीच्या गालाला करंगळी लावली आणि ती जिन्याकडे निघाली. पळत नव्हती. तिला पळता आलं नसतं.

ती पहिला जिना उतरली असेल नसेल, शेखभाऊ ओरडले, "आलं! आलं!"

पडदा निळा झाला होता. त्यांनी हात चोळले. "चला, रीतसर करून टाकू. धोत्रे! अहो धोत्रेबाई, थांबा, अंगठा देऊन जा! परिपत्रकात आहे सिस्टर, सेवा सुरू झाली आणि आई आवारात असली तर अंगठा घ्यायचाच."

मी जाळीच्या खिडकीशी उभी होते. यल्लू खालच्या अंगणात पोचली होती. गेटापाशी तिचा माणूस उठून उभा राहिला. तिथं ट्रक नव्हता. तो पुढं चौकात लागलेला असणार.

"गेल्या त्या," मी म्हणाले.

"आत्ता तर होत्या! गेटपर्यंत पण गेल्या नसतील. बघा ना, तुम्ही खिडकीतच आहात."

ती अंगणाच्या मधोमध होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिला आवाज फार लांबचे ऐकू यायचे.

"बघतेय," मी म्हणाले. "ट्रक आला होता. बसून गेल्या."

शेखभाऊ खुर्चीवरून अर्धे उठलेले होते. सिस्टर म्हणाल्या, "गेली म्हणतेय ना ती? काळदातेचं कार्ड छाप आधी. सकाळपासून ताटकळतेय पोरगी."

तीन आठवड्यांनी मला चौकशीचा फोन आला. त्या दिवशी कागदावर सोडलेल्या बाळांची पडताळणी चालली होती. बोलणारी मुलगी सभ्य होती. तीही कुठल्यातरी कंपनीचीच असावी, कारण आमच्या जिल्ह्याचं नाव तिला नीट उच्चारता येत नव्हतं.

"सुमन धोत्रे यांना तुम्ही ओळखता?"

"मी जबाबात लिहिलंय."

"हो मॅडम, पण तोंडी खात्री करायची आहे."

"ती बाई त्या बाळाची आई आहे," मी म्हणाले. ती म्हणाली, धन्यवाद, नोंद कायम केली आहे.

मंदारला मी सही केल्याचं त्याच शनिवारी सांगितलं होतं. तो उठून लेकीच्या पाळण्यापाशी गेला. मग म्हणाला, "बरं केलंस." नंतर पाहुण्यांत कधी विषय निघाला की तो ही गोष्ट अभिमानानं सांगायचा. मोहितेआजींचे संवाद रंगवून सांगायचा. लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी चहा आणायला उठायचे.

कारण एक गोष्ट मी त्यालाही सांगितली नव्हती. त्या अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी होत्या. मोहितेंच्या वेळी मी त्या वाचल्या होत्या. सहावी अट अशी होती, की हस्तांतरानंतर मातेच्या नोंदीत कोणत्याही कारणास्तव बदल करता येणार नाही. यल्लू 'मागनं बगू' म्हणाली तेव्हा मला माहीत होतं की मागनं काही बघता येणार नाही. तिला वाचता येत नव्हतं, मला येत होतं. आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती विचारात पडली असती, कदाचित नवऱ्याला विचारायला खाली गेली असती, तेवढ्यात सव्वा वाजला असता. असं मी स्वतःला समजावते. ते खरंही आहे. पण त्याहून खरं हे, की मला माझी लेक घेऊन तिथून बाहेर पडायचं होतं, आणि एका वाक्यात ते सगळं मिटत होतं.

तिनं जावेला नाव द्यायला मोठ्या मनानं कबूल केलं होतं, पण उसनं म्हणून. ते कायमचं गेलं, हे तिला कधी कळलं असेल? बहुतेक एखाद्या दिवशी, एखाद्या कार्यालयाच्या खिडकीपाशी, लेकीचा हात धरून उभी असताना.

गेल्या जूनमध्ये आम्ही लेकीला, कावेरीला पहिलीत घातलं. शाळेच्या कार्यालयातल्या लेखनिक बाईंनी तिचा क्रमांक टाकला. मी सवयीनं अर्ज भरायला पेन काढलं.

"ते राहू द्या, मॅडम. आता काही लिहावं लागत नाही. आईचं नाव आपोआप येतं."

चक्र फिरलं. मी त्या चक्राकडे बघत होते. मग एकेक रकाना भरत गेला. आईच्या नावासमोर उमटलं, ऋजुता मंदार काळदाते.

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "बघून घ्या. बरोबर आहे ना?"

"माझं बरोबर आहे," मी म्हणाले.

"मग कुणाचं चुकलंय?" त्या हसून म्हणाल्या, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी पुढच्या पालकांना हाक मारली.